बाबूभाईची कलई आणि खारं पाणी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावच्या बसस्टँडवरून मूलच्या दिशेने निघालं की डाव्या हाताला टिनाच्या छपराचं एक दुकान लागतं. पाटीवर ‘कूलर रिपेअरिंग’ असं निळ्या अक्षरात लिहिलेलं आहे. त्याच्या खाली जुन्या रंगातली एक ओळ आहे, ती आता ऊन तिरपं पडलं तरच वाचता येते : ‘कलई करून मिळेल.’ दुकानाच्या मागे घर आहे. मधलं दार उघडं असलं की रस्त्यावरूनही बैठकीच्या खोलीतली काचेची टाकी दिसते आणि तिच्यात फिरणारे नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे दिसतात. गडचिरोलीच्या बसची वाट पाहणारे लोक पाच मिनिटं आत डोकावून जातात. हे मासे खाऱ्या पाण्यातले आहेत असं सांगितलं की बहुतेकांना ते खरं वाटत नाही. इथून समुद्र कोणत्याही बाजूला गेलं तरी चार-पाचशे किलोमीटरच्या आत नाही.

हे दुकान बाबूभाईचं. वय बासष्ट. माझा तीस वर्षांपासूनचा शेजारी. मी इथल्या कॉलेजात लेखा विभागात काम करतो आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. त्या टाकीचा सगळा जमाखर्च माझ्या हस्ताक्षरात आहे. वहीच्या शेवटच्या पानावर एक शेरा आहे, तोही माझ्याच हस्ताक्षरात. चौतीस वर्षांच्या नोकरीत तसा शेरा मी दुसऱ्या कोणत्याही वहीत लिहिला नाही. तो कसा लिहावा लागला, हे सांगायचं तर आधी बाबूभाईची कलई सांगायला हवी.

बाबूभाई अकराव्या वर्षी वडिलांच्या मागे सायकलवर बसून कलईच्या फेरीला जायला लागला. सावली, व्याहाड, गडचिरोली, चामोर्शी, आणि हिवाळ्यात पार मुलचेऱ्यापर्यंत. गावात शिरलं की मोठ्या झाडाखाली जागा बघायची, हातभर खड्डा खणायचा, कोळसे पेटवायचे, भाता लावायचा. बायका तांब्या-पितळेची भांडी आणून मांडायच्या. भांडं लाल होईपर्यंत तापवून त्यात नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर उठायचा. त्या धुरातच कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने एका दमात पुसून घ्यायचं. भांडं आतून चांदीसारखं निघायचं. वडिलांनी शिकवलेलं एक वाक्य तो प्रत्येक घरी ऐकवायचा : आंबट आणि खारट हे तांब्याचे वैरी, कलई गेली की त्या भांड्यात ताक नाही, आंबील नाही, लोणचं नाही.

मुलचेऱ्याकडे बंगाली लोकांची गावं आहेत. तिथे एक म्हातारी बाई दरवर्षी पितळेची कळशी घेऊन यायची आणि भांडं तापेपर्यंत गप्पा मारायची. तिच्या लहानपणीच्या गावची नदी दिवसातून दोनदा उलटी वाहायची, असं तिने सांगितलं. पाणी सकाळी समुद्राकडे आणि दुपारी परत गावाकडे. बाबूभाईने वैनगंगा सगळ्या ऋतूंत पाहिलेली. बुढीचं डोकं फिरलं आहे असं त्याने ठरवलं, आणि ती गोष्ट तो कित्येक वर्षं चहाच्या टपरीवर थट्टा म्हणून सांगत आला.

मग स्टील आलं. भांडी मोडीत गेली. फेरीत तीस भांडी मिळायची तिथे दहा, मग तीन. शेवटी बाबूभाईने सायकल भिंतीला टेकवली आणि कूलर दुरुस्त करायला शिकला. हात चांगला होता, उन्हाळा इथला कडक, त्यामुळे घर चाललं. अजूनही लग्नसराईत आचारी आपल्या तांब्याच्या डेगा त्याच्याकडे आणतात. वर्षाला सहा-सात. त्या दिवशी तो दुकानात कूलरच्या कामाला हात लावत नाही. सकाळपासून मागच्या अंगणात भाता काढून बसतो आणि बोलावल्याशिवाय बोलत नाही.

मला तो एकदा म्हणाला होता, “मी विद्या शिकलो धनराजभाऊ, आन भांडेच निघून गेले.”

हे वाक्य लक्षात ठेवावं, कारण त्याच्या लेकीशी झालेल्या भांडणाचं मूळ तिथे आहे.

लेक म्हणजे कहकशाँ. थोरला फैज नागपूरला कुरिअरच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. कहकशाँ आमच्याच कॉलेजात बी.एस्सी.ला होती, विषय प्राणिशास्त्र. दुसऱ्या वर्षी विभागाची सहल कोकणात गेली. ओहोटीच्या वेळी खडकांमधल्या डबक्यांत ती तीन तास वाकून उभी होती, असं तिच्या मॅडमनी मला बिलं मंजूर करताना सांगितलं. परत आल्यावर तिने घरी जाहीर केलं की एम.एस्सी. करायची ती रत्नागिरीला, समुद्री जीवांचीच.

बाबूभाई खर्चाला घाबरला नाही. मुलगी दूर जाईल यालाही तो फार घाबरला असं नाही. फैज दूरच होता. त्याला भीती वेगळीच होती. जिथे समुद्र नाही तिथल्या माणसाने समुद्राची विद्या शिकून करायचं काय? आपलं झालं तेच तिचं होणार, हात शिकलेला आणि भांडं नाही. हे त्याने नीट मांडलं असतं तर मुलीला कळलं असतं. पण बाप लेकीपुढे असं कुठे बोलतो. त्याने रागात एवढंच म्हटलं की समुद्र एवढा समजत असेल तर त्याचा एक तुकडा या सावली गावात ठेवून दाखव. आपला एक उन्हाळा काढून दाखव. मृग लागेपर्यंत एकही जीव मेला नाही, तर मी स्वतः रत्नागिरीला सोडायला येतो. मेला, तर इथेच बी.एड. कर.

बोलताना त्याला वाटलं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कहकशाँ वही घेऊन माझ्या अंगणात उभी होती.

“काका, एवढ्यात बसते का पाहा बरं.”

तिच्याकडे एकवीस हजार रुपये होते. दहावीच्या मुलांच्या दोन वर्षांच्या शिकवणीचे, पोस्टात ठेवलेले. नागपूरच्या एका दुकानदाराने अशा टाकीचा अंदाज दिला होता एक लाख बारा हजार. मी आयुष्यभर अंदाजपत्रकं तपासली आहेत. कोणत्याही अंदाजपत्रकात तीन प्रकारच्या रकमा असतात : ज्यांच्याशिवाय काम उभंच राहत नाही त्या, ज्या नंतर करता येतात त्या, आणि ज्या विकणाऱ्याच्या सोयीच्या असतात त्या. आम्ही तीन रकाने आखले आणि चार संध्याकाळी बसलो.

टाकी दुकानातून आणायची नाही, फ्रेमवाल्याकडून जाड काच कापून घ्यायची आणि सिलिकॉनने घरी जोडायची, तीन हजार दोनशे. स्टँडला काही नाही, बाबूभाईकडे जुन्या कूलरचा लोखंडी सांगाडा पडला होता. पाणी फिरवणारे दोन छोटे पंप, अठराशे. दिवा साधा, कारण प्रवाळ ठेवायचं नव्हतं. खारेपणा मोजायचं दुर्बिणीसारखं एक साधन असतं, ते सोळाशे. त्यात काटछाट करू द्यायला ती तयार झाली नाही, आणि तिचं बरोबर होतं. नळाचं पाणी चालत नाही, म्हणून घरातल्या फिल्टरला एक जादा नळी जोडायची, अकराशे. समुद्रातले जिवंत दगड किलोवर विकतात आणि किंमत ऐकून माणूस सोनाराकडे गेल्यासारखा गप्प होतो. तिने तोडगा काढला, सात किलो कोरडे दगड आणि एकच किलो जिवंत. जिवंताचं जे असतं ते हळूहळू कोरड्यात पसरतं. वेळ लागतो, पण वेळेला पैसे पडत नाहीत.

मीठ मात्र खास लागतं. बाबूभाई दारात उभा राहून ऐकत होता, तो तिथे पहिल्यांदा बोलला. मीठ ते मीठच, वीस रुपये किलो, त्याला सहा हजारांची बादली कशाला? कहकशाँने सांगितलं की समुद्रात नुसतं मीठ नसतं, आणखी पुष्कळ काय काय असतं, ते सगळं त्या बादलीत मोजून घातलेलं असतं. बाबूभाईने मान हलवली. मसाल्याचं कुणी सांगितलं की तो ऐकून घेतो.

शेवटी राहिलं पाणी थंड ठेवायचं यंत्र. पस्तीस हजार. त्यावर मी रेघ मारली आणि पुढे लिहिलं, ‘कूलर व पंखा’. या माशांना अठ्ठावीस अंशांच्या वर पाणी सोसत नाही आणि आमच्याकडे मे महिन्यात सेहेचाळीस होतं. पण आमची हवा कोरडी. कोरड्या हवेत पाण्यावरून पंखा फिरला की पाणी गार पडतं, हे इथल्या लहान पोरालाही कळतं. सेलवर चालणारा एक हवेचा पंपही यादीत होता, दीडशे रुपयांचा. तो मी अनावश्यक म्हणून खोडला. तिने तो माझ्या नकळत घेतला. हे इथे नोंदवून ठेवतो, कारण पुढे त्या दीडशे रुपयांनीच लाज राखली.

माणूस पहिल्या दिवसाचा खर्च मोजतो आणि महिन्याचा विसरतो. म्हणून मी वेगळं पान घातलं : वीज, बदलायच्या पाण्याचं मीठ, फिल्टरची पुडी, माशांचं खाणं. महिना साडेआठशे. ते आबिदाबाईंनी, म्हणजे बाबूभाईच्या बायकोने, आपल्या शिवणकामातून द्यायचं कबूल केलं. फैज मीठ आणि दगड नागपूरहून गाडीत टाकून आणणार होता, त्यामुळे आणण्याचा खर्च शून्य. बेरीज आली वीस हजार सातशे चाळीस. शर्तही मी त्याच वहीत पहिल्या पानावर उतरवून घेतली, बाबूभाईच्याच शब्दांत.

दिवाळीनंतर टाकी भरली आणि सहा आठवडे तिच्यात काहीच सोडलं नाही. पाण्यात जीव टिकण्यासारखी स्थिती यायला तेवढा काळ लागतो. पण हे मोहल्ल्याला कोण सांगणार? बाबूभाईच्या पोरीने पाणी पाळलं आहे, असं लोक म्हणायला लागले. पाण्याने आज काय खाल्लं, असं विचारायचे. बाबूभाई हसून म्हणायचा, वीज.

जानेवारीत फैजने थर्माकोलच्या डब्यातून पाहुणे आणले. नारिंगी माशांची जोडी, चार गोगलगायी आणि एक झिंगा. झिंग्याच्या लाल पाठीवर पांढरी सरळ रेघ होती. हा झिंगा दगडावर उभा राहायचा, मासे त्याच्याजवळ येऊन थांबायचे आणि हा त्यांचं अंग, कल्ले निवडून साफ करायचा. बाबूभाई पहिल्या दिवशी अर्धा तास टाकीपुढे बसला.

“हा आपल्या धंद्याचा हाय,” तो मला म्हणाला. “दुसऱ्याचं भांडं घासून देते, आन आपण कोपऱ्यात राह्यते.”

त्या दिवसापासून तो विरोधी पक्षात राहिला नाही, हे मला दिसत होतं. त्याने शर्त मात्र मागे घेतली नाही, आणि कहकशाँनेही कधी तसं सुचवलं नाही. दोघंही एकाच मातीची.

फेब्रुवारीत पाणी आटायला लागलं तेव्हा तो भरीला मिठाचं पाणी टाकायला निघाला होता. कहकशाँने थांबवलं. आटतं ते पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून भर साध्या पाण्याची. तिने पुढे काही समजावण्याआधीच आबिदाबाई आतून म्हणाल्या, सालनाचा रस्सा आटला की खारट होतो, यात शिकण्यासारखं काय आहे? मार्चमध्ये बाबूभाईने आपल्या हाताने टाकीसाठी वेगळा कूलर बांधला, लहान, दोन बाजूंनी गवताचा. एप्रिलमध्ये घरातली माणसं घामाने निथळत होती आणि टाकी सत्तावीसवर होती. “दामाद की भी इतनी खातिर नहीं होगी,” आबिदाबाई म्हणायच्या.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात कहकशाँ एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेसाठी दोन दिवस चंद्रपूरला मावशीकडे गेली. ती गेली त्याच संध्याकाळी वादळ आलं आणि मूलकडच्या लाइनीचे खांब पडले. वीज गेली. मोबाइलचा टॉवरही बंद पडला. सकाळी वीज आली नाही. वादळाने गारवा आला असेल असं कुणाला वाटेल, पण दुसऱ्या दिवशी दहा वाजता रस्ता तव्यासारखा तापला होता.

सुटीचे दिवस होते, मी त्यांच्याकडे गेलो. तो सेलवरचा पंप पाण्यात बुडबुडे सोडत होता. कूलर बंद, पंखा बंद. पाणी एकोणतीस. बाबूभाई ओल्या गोणपाटाने टाकीच्या काचा झाकत होता. बर्फासाठी तो बाजारात जाऊन आला होता. रसवंतीवाल्यांनी आठ वाजताच सगळा उचलला होता. अकरा वाजता तीस. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड हलवायला लागले.

 बाबूभाई मागच्या अंगणातून एक मोठी पातेली घेऊन आला. एका आचाऱ्याची, आदल्याच आठवड्यात कलई केलेली, न्यायला अजून कुणी आलं नव्हतं. त्याने अंगणात सावलीत रेती पसरून तिच्यावर पाणी ओतलं, ओल्या रेतीत पातेली गळ्यापर्यंत रोवली, बाहेरून ओलं फडकं गुंडाळलं आणि टाकीतलं दहा लिटर पाणी तिच्यात काढलं. आबिदाबाई वरून पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. मी स्टीलची घागर सुचवली. तो म्हणाला, स्टील आडमुठं असतं, उष्णता धरून बसतं. तांबं लगेच सोडून देतं. वीस मिनिटांत ते पाणी चार अंश उतरलं. ते टाकीत ओतायचं, दुसरं काढायचं. तापमान मी दर अर्ध्या तासाला वहीत लिहीत होतो. पातेली मी आतून पाहिली होती. ती इतकी लखलखीत होती की त्या घरात त्याहून स्वच्छ भांडं नसावं, एवढंच माझ्या मनात आलं.

साडेपाच वाजेपर्यंत हे चाललं. बासष्ट वर्षांच्या माणसाने त्या उन्हात किती खेपा केल्या, तो आकडाही वहीत आहे : एकोणीस. शेवटची नोंद सव्वाअठ्ठावीस. वीज सातला आली. मासे खाली जाऊन दगडाआड फिरायला लागले. बाबूभाई खाटेवर आडवा झाला आणि आबिदाबाईंनी त्याच्या पायांना तेल लावलं.

कहकशाँ दुसऱ्या दिवशी आली. वहीतल्या नोंदी पाहून ती बापाजवळ जाऊन बसली. बापाने पाणी गार केलं, एवढं तिला कळलं. कशात केलं, हे तिने विचारलं नाही आणि सांगावं असं आम्हा कुणाला वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी झिंगा रेतीवर आडवा पडलेला होता. चारपैकी तीन गोगलगायी काचेवरून सुटून खाली पडल्या होत्या. मासे ठीक होते. तिने पाणी तपासलं. खारेपणा बरोबर, तापमान बरोबर. तिला काही उलगडा होईना. शेवटी तिने मान्य केलं की त्या दुपारचा ताप झिंग्याला सोसला नसेल. मृगाला बावीस दिवस उरले होते. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काका, लिहून टाका. उन्हाळा नाई निघाला.” रडली नाही. बी.एड.चा फॉर्म कॉलेजात कधी मिळतो, ते तिने मला विचारलं.

त्याच दुपारी बाबूभाई आला. हातात कापडात गुंडाळलेलं काही होतं. माझ्या ओट्यावर बसून त्याने ते सोडलं. तीच पातेली. तळाजवळ, जिथे बूड आणि भिंत मिळते तिथे, बोटभर लांबीची एक हिरवी रेघ उमटली होती. कडीच्या रिबिटांभोवतीही तसेच दोन हिरवे ठिपके. कलईच्या खालून तांब्याने तोंड काढलं होतं.

“खारट तांब्याचं वैरी,” तो म्हणाला. “पन्नास वर्स दुसऱ्याले सांगितलं. आन त्या दिवशी मले वाटलं, माही कलई हाय, तिले काय होते.”

मी विचारलं, तेवढ्याने जीव जातो का? त्याने फैजला फोन करून त्या नागपूरच्या दुकानदाराला विचारायला लावलं होतं. माशाला थोडं तांबं सोसतं. झिंग्याला, गोगलगायीला कणभरही सोसत नाही.

 त्या हिरव्या रेघेची गोष्ट त्या क्षणी गावात फक्त त्याला आणि मला माहीत होती. मुलीने उन्हाळ्यावर बोट ठेवलं होतं आणि हार मानली होती. बाबूभाईने नुसतं गप्प राहायचं होतं. मुलगी गावात राहिली असती, आणि शर्त कुणी मोडली असं झालं नसतं. पातेली पुन्हा भट्टीवर ठेवली की हिरवी रेघ दहा मिनिटांत जाणार होती. मी त्याला काही सुचवलं नाही. हिशेब तपासणाऱ्याने आकडा सुचवायचा नसतो.

तो उठला. म्हणाला, “चाला. वही घ्या.”

कहकशाँ टाकीपुढे बसून मेलेल्या गोगलगायी बाहेर काढत होती. बाबूभाईने पातेली तिच्यासमोर जमिनीवर ठेवली आणि हिरव्या रेघेवर बोट ठेवलं. तिने एकदा पातेलीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. ती प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, तिला पुढचं सांगावं लागलं नाही.

“इसमें किया था, अब्बा?”

“एकोणीस बार.”

 उरलेली एकुलती गोगलगाय तिने ताज्या खाऱ्या पाण्याच्या प्लास्टिकच्या बादलीत हलवली. मग कोळशाची पुडी शोधायला लागली; कोळसा तांबं ओढून घेतो. बाबूभाई तिथेच उकिडवा बसला होता. त्याने मला वहीचं पहिलं पान काढायला सांगितलं. मी शर्त वाचून दाखवली : ‘मृग लागेपर्यंत टाकीतला एकही जीव मरता कामा नये.’ मी हेही सांगितलं, कारण सांगणं भाग होतं, की कुणाच्या हातून मरता कामा नये असं त्यात म्हटलेलं नाही. शब्दाप्रमाणे पाहिलं तर शर्त हरलेली आहे.

आबिदाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला चष्मा पुसावा लागला.

“मंग कागद बदला, धनराजभाऊ,” बाबूभाई म्हणाला.

मी म्हटलं, लिहिलेला कागद बदलता येत नाही. त्याच्याखाली शेरा देता येतो.

“तं शेरा द्या. लिवा. पोरीनं समुद्र बरोबर ठेवला होता. उन्हाळ्यानं कोनी नाई मेलं. जे मेले ते कलईवाल्याच्या हातानं मेले, कलईवाल्याले खाऱ्या पाण्याची विद्या नव्हती.” तो थांबला. मग लेकीकडे न पाहता म्हणाला, “त्या कामाले शिकलेलं माणूस लागते. लिवा.”

मी लिहिलं. तारीख घातली. त्याने खाली सही केली. कहकशाँ पाठमोरी कोळसा धूत होती, तिचे हात बराच वेळ एकाच जागी थांबले होते.

तीन दिवस रोज थोडं पाणी बदललं. बादलीतली ती गोगलगाय वाचली. मृगाच्या दिवशी मासे दोन, गोगलगाय एक, अशी नोंद करून मी खातं बंद केलं. मिठाची जास्तीची बादली धरून एकूण खर्च सव्वीस हजार आठशे नव्वद झाला. नागपूरच्या अंदाजाच्या चौथाईहूनही कमी. आमच्या अंदाजापेक्षा जे सहा हजार जास्त लागले त्यांचं कारण वहीत आहे.

ऑगस्टमध्ये बाबूभाई तिला रत्नागिरीला सोडून आला. आल्यावर दोन दिवस दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर तो टाकीचं पाणी बदलत होता. प्लास्टिकची बादली, प्लास्टिकचा मग. हातातली तांब्याची अंगठी काढून खिडकीत ठेवलेली. दगडावर नवा झिंगा उभा होता, फैजने आणलेला. तो खर्च वहीत टाकायचा नाही, असं त्याने मला बजावलं.

मी प्रवासाचं विचारलं. गाडीला गर्दी होती, खोली बरी मिळाली, जेवणात नारळ फार, असं सगळं त्याने सांगितलं. मग खारेपणा मोजायचं ते साधन त्याने उजेडाकडे धरलं, एक डोळा मिटून आकडा पाहिला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला. रोज संध्याकाळी तो आकडा फोनवर रत्नागिरीला कळवावा लागतो.

“खाडीवर दोन घंटे बसलो होतो,” तो म्हणाला. “पाणी आधी तिकडे चाललं होतं. मंग थांबलं. मंग इकडे याले लागलं.”

त्याने प्लास्टिकचा मग पालथा घालून ठेवला.

“ते मुलचेऱ्याची बुढी खरं सांगत होती.”